दाबक्यांचा सोमवार

कॉटन ग्रीन,
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

दाबकेसाहेब,

नमस्कार. फराळाचा डबा पोचला. चकली बरी होती. अनारसा मात्र कोणाच्या डोक्यात मारला असता तर पोलीस केस झाली असती. ललितावहिनींना हे सांगू नकोस, 'रघूला फार आवडले' एवढंच सांग.

इकडची खबर म्हणजे आमच्या चाळींना लागून कापसाचं जुनं गोदाम होतं ना, ते पाडून बिल्डरने खड्डा खणायला घेतलाय. पाच माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी वरच्याची टोपी दिसणार नाही एवढा खोल. आवाजाने लोक वैतागलेत म्हणे. मला काय त्याचं? पंचवीस वर्षं मागांच्या गोंगाटात काढली, मिलने माझे कान ठेवून घेतले. मी आपला तांब्यातलं पाणी हलताना बघतो. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी स्वप्नील मला म्हणतो, "काका, फोनवर ऐकू येत नाही तर व्हॉट्सॲप घ्या ना, पत्रं काय लिहिता?" मी म्हटलं, "व्हॉट्सॲपवरची शिवी पुसता येते. पत्रातली टिकते."

बिल्डरचा माणूस दर पंधरा दिवसांनी गोड बोलायला येतो. चार महिने ट्रान्झिट कॅम्पात जा, मग नव्या इमारतीत परत या. शेजारच्या वाडीतले लोक असेच चार महिन्यांसाठी गेले, त्याला अकरा वर्षं झाली. आमच्या तिन्ही चाळींनी ठराव केलाय, कोणीही खोली सोडायची नाही. मी तर जाहीर केलंय की आता या खोलीतून मी बाहेर पडेन तो आडवाच.

आणि हे मी सांगतोय कोणाला? ज्याने मिलच्या गेटवर स्वतःच्या हाताने नोटीस डकवली, 'बॉयलर दुरुस्तीसाठी चार दिवस बंद, सोमवारी पहिली पाळी नेहमीप्रमाणे', आणि वर मला तोंडी सांगितलं, "घाडी, सोमवारी ये", त्या टाइमकीपरला! एक्क्याण्णव सालचा तो सोमवार अजून उजाडायचाय. चिडू नकोस, तुझा काय दोष, मालकाने तुलाही फसवलं. पण शिवाजी पार्कहून इथे यायला वीस मिनिटं लागतात. चौतीस वर्षांत तुला काही ती वीस मिनिटं सापडली नाहीत. माझ्या हातचं बांगड्याचं सुकं तुला चालणार नाही, पण चहा तर चालेल?

तुझा,
रघु घाडीगावकर

*

शिवाजी पार्क, दादर,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय रघु,

पत्र वाचून हसलो. अनारशाबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे, आमच्याही घरात ते अजून उरले आहेत. येण्याचं म्हणशील तर माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. थंडी सरली की बघू.

आज एक सल्ला हवा आहे. माझी नात मनू, मुलीची मुलगी, तिच्याविषयी तुला अधूनमधून लिहीत आलो आहे. इंजिनियर होऊन पुण्याच्या कंपनीत लागली होती, तिची बदली आता मुंबईत झाली आहे, कुलाब्याला. हाताखाली तीस माणसं आहेत. काम साइटवरचं, धुळीचं आणि धावपळीचं. पोरगी हुशार, नीतीने वागणारी, पण लहानपणापासून तिचा आवाज तो एवढासा. शाळेत कविता म्हणायला उभी राहिली की तिसऱ्या बाकाच्या पुढे ऐकू जायची नाही. तिच्या साहेबाने शेरा मारला आहे, 'काम उत्तम, पण आवाज पोहोचत नाही. गर्दीत माणसं हाताळता येतील असं वाटत नाही.' आणखी एकदा असा शेरा पडला तर तिला कायमचं टेबलाशी बसवतील. शनिवारी जेवायला आली होती, वरणभातात नुसता चमचा फिरवत बसली. म्हणाली, "आजोबा, मी ओरडले की माझाच घसा दुखतो, समोरच्याला काही होत नाही."

तू साचेखात्यात जॉबर होतास, मागवाल्यांचा मुकादम. चारशे माग एकदम धडधडत असायचे, आम्ही टाइम ऑफिसातले लोक दारात उभे राहिलो तरी डोकं भणाणायचं. त्या गोंगाटात तू दीडशे माणसं कशी हलवायचास? तिला काही सांगता येईल का?

ललिताचा नमस्कार.

तुझा,
चिंतामणी दाबके

*

कॉटन ग्रीन,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

दाबकेसाहेब,

पोरीला म्हणावं, ओरडणं सोड. मागखात्यात ओरडणारा जॉबर पहिल्या आठवड्यात पळून जायचा.

आम्ही हातांनी बोलायचो. तू दारातून बघायचास ते आमचे हातवारे म्हणजे टवाळकी नव्हती. हात उंच आणि पंजा उघडा म्हणजे तार तुटली, माग थांबव. दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवल्या की दोघांनी मिळून उचला. डोक्यावर बोट गोल फिरवलं की ही अख्खी रांग. छातीवर हात आपटून पुढे केला की तू माझ्यामागून ये. पंजा खाली करून सावकाश हलवला की घाई नको, धोटा अंगावर येईल. मूठ उघडून पुढे ढकलली की माग चालू. शिकायला एक दुपार पुरते. विसरायला मात्र आयुष्य पुरत नाही, आम्ही म्हातारे अजून गॅलरीतून गॅलरीत असेच भांडतो.

पण खुणा हा सोपा भाग झाला. आधी उंच जागी उभं राहायचं आणि गप्प राहायचं. गोंगाटात जो ओरडतो त्याच्याकडे कोणी बघत नाही, जो गप्प उभा असतो त्याच्याकडे सगळे बघतात. मग सगळ्यांना पटवत बसायचं नाही. बाकीचे ज्याच्या तोंडाकडे बघतात तो एक माणूस हुडकायचा. तो नेहमी सगळ्यात खडूस असतो. त्याच्याशी बोलायचं ते तोंडासमोर उभं राहून बोलायचं, पाठीमागून नाही. तो वळला की खातं वळलं.

आणि शेवटचं. खोटी वेळ सांगायची नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. हे मी तुझ्यावरून शिकलो, दाबके, म्हणून तुलाच फुकट परत देतोय!

आज त्रिपुरी पौर्णिमा, गंगुबाईंनी अख्ख्या गॅलरीत पणत्या लावल्यात. नव्वदीची बाई, वाकते तरी कशी कोण जाणे.

तुझा,
रघु

*

महापालिकेची शाळा, परळ,
रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा वाजता

दाबके,

आज 'साहेब' लिहिणार नाही. का ते शेवटी सांगतो.

पाचवी 'ब'च्या वर्गात पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलोय आणि कोणाच्या तरी चित्रकलेच्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितोय. मी खोलीतून बाहेर पडलो. उभा आणि स्वतःच्या पायांनी. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळलेलं बरं.

काल संध्याकाळी त्या खड्ड्यात तोफगोळा लागला. चव्वेचाळीस साली गोदीत जहाज उडालं होतं, तेव्हाचा, न फुटता जमिनीत गेलेला. आज अकराला पोलीस आले, चार वाजेपर्यंत तिन्ही चाळी रिकाम्या करा, मग लष्कराची माणसं गोळ्याला हात लावणार. हे सगळं भोंग्यावरून. भोंग्याचा आवाज एका चाळीवर आपटून दुसरीवर जायचा, ज्यांना कान आहेत त्यांनाही कळेना. मग काय, एक नंबरवाल्यांनी ठरवलं की हा बिल्डरचा डाव आहे, बाहेर पडलो की कुलपं बदलतील. त्यांनी आतून कड्या घातल्या. दोन नंबरवाले टीव्ही, सिलिंडर, ट्रंका घेऊन एकदम जिन्यात घुसले आणि जिना तुंबला. वरून ढकलाढकली, खाली बायकापोरं. आणि तीन नंबरमध्ये कोणीतरी सोडून दिलं की खड्ड्यात त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटा सापडल्यात, त्या लपवायला आपल्याला हाकलतायत. तिकडची पोरं बाहेर जायचं सोडून खड्ड्याकडे पळाली! फाटक एकच, आठ फुटांचं. बाहेर जाणारे, सोनं बघायला जाणारे आणि घरच्यांना शोधत आत येणारे, सगळे त्याच आठ फुटांत. स्वप्नील सगळ्यांना मोबाइलवर आलेलं वाचून दाखवत होता आणि दर वेळी वेगळंच वाचत होता.

तेवढ्यात लष्कराचा ट्रक आला. तीस जवान, सगळे तामिळ, त्यांना मराठी येईना आणि आमच्या म्हाताऱ्यांना त्यांची हिंदी कळेना. त्यांचा अधिकारी म्हणून उतरली एक मुलगी. पाण्याच्या पिंपाएवढी उंची, खांद्यावर दोन तारे, छातीवर नाव सोहोनी. मी मनात म्हटलं, आता आधी हिलाच सांभाळून बाहेर न्यावं लागणार.

पोलिसाने तिच्या हातात भोंगा दिला. ती दोन वाक्यं बोलली, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. तिने भोंगा परत दिला, मंडळाच्या टेम्पोच्या टपावर चढली आणि गप्प उभी राहिली. लोक ढकलतायत, भांडतायत, ही आपली उभी. मग तिने हात वर केला. उंच, पंजा उघडा.

दाबके, माझा हात मला न विचारता वर गेला. समोरच्या गॅलरीत आनंदाचा गेला. आमच्या खात्यातले आम्ही अकरा म्हातारे अजून आहोत, तीन चाळींत विखुरलेले. अकराच्या अकरा हात वर! चौतीस वर्षांनी कोणीतरी आम्हाला माग थांबवायला सांगितलं होतं. लोक आधी आमच्याकडे बघून हसले, मग कुजबुजले, मग गप्प झाले. जिन्यातली ढकलाढकली थांबलेली मी डोळ्यांनी बघितली.

ती टपावरून उतरली ती सरळ माझ्याकडे आली. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर माझ्या तोंडासमोर उभी राहिली आणि सावकाश बोलली, मला ओठ वाचता येतील असं. "काका, सगळे तुमच्याकडे बघतायत. मला तुमची मदत पाहिजे." मी विचारलं, "परत कधी?" म्हणाली, "उद्या. सोमवारी सकाळी."

बस. मी पायरीवर फतकल मारली. म्हटलं, "बाई, मी एकदा सोमवारवर विश्वास ठेवलाय. आता उचलूनच न्या." आणि सांगून टाकलं सगळं, मिल, नोटीस, बॉयलर. मी बसलो ते बघून बाकीचे दहाही जिथे होते तिथे बसले. तिने विचारलं, "कोणती मिल?" मी नाव सांगितलं. "नोटीस कोणी लावली होती?" म्हटलं, "टाइमकीपरने. माझा दोस्त आहे." तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं घाबरली. दीड वाजला होता, खाली अकराशे माणसं खोळंबलेली, आणि ही बाई काय करते? माझ्या शेजारी पायरीवर बसते.

मग म्हणाली, "काका, मी चुकीचं बोलले. परत कधी ते मला माहीत नाही. पण उद्या सकाळी आठ वाजता तुम्ही जिथे असाल तिथे मी स्वतः येईन आणि जे खरं असेल ते तुमच्यासमोर उभी राहून सांगेन. कुलूप तुम्ही लावा, चावी तुमच्याकडे ठेवा." मी म्हटलं, "लेखी दे." ती उठली, मंडळाच्या फळ्यावरचा सुविचार पुसला आणि खडूने लिहिलं, 'या चाळींतली कोणतीही खोली रिकामी केलेली नाही. माणसं फक्त बाहेर गेली आहेत. परत येणार आहेत.' खाली सही, हुद्दा, तारीख, वेळ. स्वप्नीलला म्हणाली, "आता याचा फोटो पाठव सगळ्यांना." एक नंबरच्या कड्या निघाल्या.

सोनेवाल्यांचा बंदोबस्त गंगुबाईंनी केला. गॅलरीत येऊन ओरडल्या म्हणे, खाली सगळ्यांना ऐकू गेलं. "मेल्यांनो, मियां बघलंय तेव्हा! सोना-बिना काय पडूक नाय. तापलेले पत्रे पडले, माझ्या आवशीचा लुगडा जळला!" पोरं मान खाली घालून परत आली.

मग दोन तास आम्ही मिल चालवली, दाबके. दर मजल्याच्या जिन्यावर एक म्हातारा, खाली टपावर ती. डोक्यावर बोट फिरवलं की एक गॅलरी सुटायची, पंजा उघडला की थांबायची. जवानांनी अर्ध्या तासात खुणा उचलल्या, हातांना कुठली आली भाषा. आधी तान्ही पोरं आणि आजारी माणसं, सामान म्हणून फक्त औषधं आणि कागदपत्रं. गंगुबाईंना चार जवानांनी खुर्चीतून उतरवलं. "लग्नात डोली मिळाली नाय ती आता गावली," म्हणत त्या सगळ्यांना हात करत होत्या. तीन वाजून चाळीस मिनिटांनी ती आणि मी सगळ्या गॅलऱ्या फिरलो, एकेका कुलपाला हात लावला. मी फाटकातून बाहेर पडलो तेव्हा मागे फक्त ती होती. अकराशे छप्पन माणसं, एकाला खरचटलं नाही.

आता इथे वरणभात मिळालाय आणि सगळे मला विचारतायत, रघुकाका, उद्या आठ वाजता येईल ना ती? मी 'येईल' म्हणतो. पण मी सांगितलं म्हणून हे उठले. ती आली नाही तर या वेळची नोटीस माझ्या नावावर.

आणि आता 'साहेब' का लिहिलं नाही ते: तुला एक विचारतो, खरं सांग. बुधवारी मी तुला ज्या खुणा लिहून पाठवल्या, त्या रविवारी त्या पोरीच्या हातात कशा आल्या?

रघु

*

शिवाजी पार्क, दादर,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

रघु,

तुझं पत्र आज दुपारी आलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू ओळखलंच असशील. लेफ्टनंट मनवा सोहोनी ही माझी मनू. पुण्याची कंपनी वगैरे सगळं खोटं. लष्करात जायचं म्हणाली तेव्हा मी चार दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. तिला काही झालं तर, या भीतीने मी हट्टाला पेटलो, आणि ती गेल्यावर लाजेने सगळ्यांना कंपनी-कंपनी सांगत राहिलो. एकदा सांगितलं की ते पुढे ओढत न्यावं लागतं. तुझं पत्र मिळालं त्या शनिवारी ती जेवायला आली होती. आरशासमोर दोन तास हात हलवत होती, ललिता म्हणाली, पोरीला काय लागीर झालं काय. संध्याकाळी फोन आला आणि ती तशीच पळाली. कुठे ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण आज लिहायला बसलो ते यासाठी नाही.

सोमवारी काम आटोपल्यावर ती इथे आली, बुटांना चिखल तसाच. चहा घेतला नाही. समोर बसून म्हणाली, "आजोबा, मिल उघडणार नाही हे तुम्हाला माहीत होतं का?" नोटिशीची गोष्ट तिला माहीत होती, मी फसवला गेलो हेही मीच सांगितलेलं होतं. तिला मी खरं उत्तर दिलं. आता तुला देतो.

मला माहीत होतं. नोटीस लावली तेव्हा नव्हतं, ते देवाशपथ सांगतो. पण शनिवारी मॅनेजरने बोलावून सांगितलं की गेट आता उघडणार नाही, आणि हे कोणाला बोलायचं नाही. माझ्याकडे अख्खा रविवार होता. तुझा पत्ता होता. मी आलो नाही. सोमवारी सकाळी सात वाजता तुम्ही सगळे डबे घेऊन गेटवर उभे होता तेव्हा मी घरात पडदा लावून बसलो होतो. मला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, एवढंच त्याचं कारण आहे. नंतर तुमच्या सगळ्यांच्या सर्व्हिसच्या दाखल्यांसाठी मी वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तू त्याबद्दल माझे आभार मानत राहिलास, आणि दर वेळी मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघ्यांचं निमित्त आहे, रघु. मी रोज पार्काला दोन फेऱ्या मारतो.

मनूने तुझ्यापुढे माझं नाव लपवलं, त्याचा राग धरू नकोस. म्हणाली, "मी दाबक्यांची नात आहे असं सांगितलं असतं तर काका पायरीवरून कधीच उठले नसते. त्या घराचा शब्द त्यांना आधीच माहीत होता." सोमवारी तुमचं पुढे काय झालं, हे मी तिला विचारलं नाही. विचारायचा हक्क वाटला नाही.

तू पत्र पाठवणं बंद केलंस तरी मी समजून घेईन.

चिंतामणी

*

कॉटन ग्रीन,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

दाबके,

तुझं पत्र काल आलं. वाचलं आणि फाडलं. मग स्वप्नीलकडून चिकटपट्टी आणून जोडलं, कारण दुसऱ्यांदा वाचायचं होतं.

राग आला. खोटं कशाला बोलू, एवढा आला की जेवण गेलं नाही. चौतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, दाबके आपल्यातलाच, त्यालाही फसवलं. आनंदाशी तर यावरून मी भांडलोय. आणि तू घरी पडदा लावून बसला होतास!

पण मी रागावायला बसलो की मध्येच ती पोर आठवते. म्हणून तुला सोमवारचं सांगतो. तू विचारलं नाहीस, पण तुला कळायला पाहिजे.

सकाळी सातलाच मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. माझ्यामागे हळूहळू सगळे आले. नुसते रस्त्याकडे बघत होते. तो जुना सोमवार माझ्या डोक्यात बसलेला. आठला पाच कमी असताना ती आली, चालत, एकटी. डोळे लाल, गुडघ्यापर्यंत चिखल. बाकावर चढली, मला दिसेल असं तोंड केलं आणि म्हणाली, "पहिला गोळा निघाला. त्याच्याखाली दुसरा सापडला. आत्ता तुम्हाला नेता येणार नाही. पाच वाजेपर्यंत होईल असं वाटतं, पण नक्की सांगत नाही. झालं तर न्यायला येईन, नाही झालं तर तेही सांगायला येईन."

गलका झाला. स्वप्नील ओरडला, "बघा, सुरू झालं यांचं!" तिच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण ती हलली नाही, उतरली नाही, उत्तर द्यायलाही गेली नाही. नुसती उभी. तेव्हा गंगुबाई स्वप्नीलला म्हणाल्या, "येऊन सांगता हा, ता काय कमी? मिल बंद झाली तेव्हा कोण इल्लो सांगूक?" आणि मी हात वर करून मूठ उघडून पुढे ढकलली. माग चालू. बाकीच्या दहाही म्हाताऱ्यांनी तेच केलं. ती आमच्याकडे बघून हसली, आल्यापासून पहिल्यांदा.

साडेचारला परत आली. तिने तोंड उघडायच्या आधीच आम्हाला कळलं, कारण ती लांबूनच हात वर करून डोक्यावर बोट गोल फिरवत येत होती. अख्खी रांग! अरे, काय सांगू तुला. पोरांनी मंडळाचे ढोल कुठून आणले देव जाणे. परळपासून कॉटन ग्रीनपर्यंत अकराशे छप्पन माणसं वाजतगाजत चालली, पुढे खुर्चीत गंगुबाई, त्यांना घेऊन तेच चार जवान. दुकानदार बाहेर येऊन विचारत होते, कसली मिरवणूक? स्वप्नील छाती काढून सांगत होता, "घरी चाललोय!"

फळ्यावरचा खडू जसाच्या तसा होता. तिने त्याच्या खाली लिहिलं, 'सोमवार, सायंकाळी ५.१०. सगळे परत.' आणि सही. मग मला म्हणाली, "काका, आधी तुम्ही." मी माझं कुलूप उघडलं आणि गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवून उभा राहिलो. दोनशे चाळीस कुलपं एकामागोमाग उघडत होती. मला ऐकू येत नाही, पण लोखंडातून हाताला कळत होतं.

तिचा साहेब खाली उभा राहून सगळं बघत होता, मोठ्या मिशांचा. तो तिला हिंदीत काय म्हणाला ते मी वरून ओठांवर वाचलं. म्हणाला, "सोहोनी, आवाज पोचला तुझा." हे तिने तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतो. टेबल-बिबल विसर आता.

तर राग. राग आहे, अजून काही दिवस राहील, त्याला मी काही करू शकत नाही. पण मी हिशोब नाही, दाबके, माणसं बघणारा माणूस आहे. ती पोर माझ्या शेजारी पायरीवर बसली तेव्हा मी कोण हे तिला कळलं होतं, ती कोणाची नात हे मला माहीत नव्हतं. लाज वाटून ती निघून जाऊ शकली असती, एखाद्या जवानाला पुढे करू शकली असती. बसून राहिली. त्या सोमवारी तू मिलच्या गेटवर एकदाही आला नाहीस. तुझी नात एका दिवसात दोनदा आली. तुझ्या घरातून निघालेला सोमवार मला पोचला, उशिरा पोचला, पण पोचला.

गुडघ्यांचं सोंग आता पुरे. चोवीस तारखेला सोमवार आहे. सकाळी सात वाजता ये, पहिल्या पाळीच्या वेळेला. मनूला घेऊन ये, गंगुबाई तिच्यासाठी घावणे करणार आहेत. मी फाटकावर उभा असेन. मागच्या वेळीही मी वेळेवर आलो होतो.

रघु घाडीगावकर, जॉबर